रीत आणि उत्तर

कंदिलाच्या काचेतून उजेड निमूटपणे बाहेर येतो. काचेला त्याची गंधवार्ताही नसते. पण केसाएवढ्या काचतंतूत लेसरचा प्रखर स्पंद सोडा, काचेचा स्वभावच पालटतो. पालटलेली काच उलट त्या स्पंदालाच विसकटते आणि एका रंगाचे अनेक रंग होतात! हे गणित मोठे वेळखाऊ. २०२१ साली फिनलंड-फ्रान्समधल्या संशोधकांनी संगणकाला सोडवलेली उदाहरणे दाखवून शिकवले. मग तो नवी उत्तरे झटकन सांगू लागला. रीत विचारा, तर मौन! वर्गात रीत गाळणाऱ्या मुलाचे गुण मी कापतो. मग याला पैकीच्या पैकी द्यायचे? पण ती उदाहरणे सुटली कशी? जुन्या समीकरणावरूनच, पायरीपायरीने. तेव्हा मुलांनो, रीत लिहाच!