वाळूचा झोत

घासणे हा आपल्या घरातील रोजचा उद्योग आहे. पितळेचा तांब्या चिंचेने आणि राखेने घासला की तो सोन्यासारखा झळकतो आणि आपण म्हणतो, तांब्या स्वच्छ झाला. परंतु चिंच आणि राख यांचे काम एकच नव्हे. चिंचेतील आम्ल काळिमा विरघळविते. राखेतील कण मात्र तांब्याचाच एक अतिसूक्ष्म थर खरवडून नेतात. जुन्या भांड्यांवर कोरलेली नावे पुसट होतात ती काही उगीच नव्हेत. माझ्या आजीच्या एका पातेल्यावरील तिच्या सासूबाईंचे नाव आता बोट फिरवूनही लागत नाही.

हे सारे मला शाळेत असताना ठाऊक नव्हते. येथून बाहेर पडल्यावर मी बेळगावात उद्यमबागेतील एका फाउंड्रीत नोकरीस लागलो आणि घासण्याचे शास्त्र तेथे शिकलो. वाळूच्या साच्यात सुमारे १४०० अंश उष्णतेचा लोखंडाचा रस ओततात. थंड झालेला नग बाहेर निघतो तेव्हा त्याच्या अंगाला करपलेली वाळू घट्ट चिकटलेली असते. असे नग एका भक्कम पोलादी पेटीत टांगतात. आतील वेगाने फिरणारे चाक पोलादाचे बारीक छर्रे सेकंदाला सत्तर-ऐंशी मीटर वेगाने त्यांवर फेकते. दार लावले की पत्र्यावर गारा कोसळाव्यात तसा आवाज होतो, आणि काही मिनिटांनी तेच काळेकुट्ट नग राखी-रुपेरी होऊन बाहेर येतात. इतक्या वर्षांनंतरही हा पालट पाहताना माझे मन प्रसन्न होते. शिवाय छर्ऱ्यांच्या माऱ्याने पृष्ठभाग किंचित खरबरीत होतो व त्यावर दिलेला रंग चांगला धरतो. लोखंडाला हा मारा मानवतो, यात शंका नाही.

या युक्तीचा उगम मात्र साफसफाईत नाही. फिलाडेल्फियाच्या बेंजामिन च्यू टिल्घमन यांनी १८७० मध्ये वाळूच्या झोताचे पेटंट घेतले, ते दगड, धातू व काच कापण्यासाठी आणि कोरण्यासाठी. वाऱ्याबरोबर उडणाऱ्या वाळूने खिडकीच्या काचा आंधळ्या झालेल्या पाहून त्यांना ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो. जे साधन कोरण्यासाठी जन्मले, ते साफ करतानाही कोरीतच असते, हे मात्र विसरून चालत नाही.

आणि ते केवळ वस्तूलाच कोरीत नाही. साधी वाळू वेगाने आदळली की फुटते आणि तिचा डोळ्यांना न दिसणारा धुरळा कामगाराच्या फुप्फुसात जाऊन बसतो. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिस या रोगाने फुप्फुसे निबर होत जातात. गेलेला श्वास कोणत्याही औषधाने परत येत नाही. ओतीव नगांच्या अशा सफाईसाठी वाळू वापरण्यास ब्रिटनने १९४९ मध्येच बंदी केली. आमच्या पेटीत पोलादी छर्रे असतात त्यामागे हेही एक मोठे कारण आहे. तोंडाला पंचा गुंडाळून तोटी धरणारा मजूर रस्त्याच्या कडेला दिसला की मला चैन पडत नाही. पंच्याने तो धुरळा अडत नाही. त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरविणारे शिरस्त्राणच हवे.

दोन वर्षांपूर्वी आजोळच्या गावी देवळाच्या जीर्णोद्धाराची गोष्ट निघाली. खांबांवर ऑइलपेंटचे थर साचलेले: खाली पिवळा, त्यावर निळा, सर्वांत वर चंदेरी. ते काढून मूळ दगड मोकळा करावा, हा पंचांचा विचार उत्तमच होता. एका ठेकेदाराने तीन दिवसांत वाळू मारून काम पुरे करण्याचे कबूल केले होते. मी त्याच धंद्यातला म्हणून मला बोलावणे आले.

"तू रोज लोखंड साफ करतोस. मग दगडाला काय होणार आहे?" वडीलधाऱ्या पंचांनी विचारले.

"काका, हा दगड लोखंडाहून पुष्कळ मऊ आहे," मी म्हणालो आणि पायरीजवळ पडलेल्या एका तुकड्यावर चाकूच्या टोकाने रेघ ओढून दाखविली.

काठिण्याच्या दहा पायऱ्या मानल्या तर वाळूतील गारगोटी सातव्या पायरीवर आहे. हा हिरवट-काळा दगड जेमतेम दुसऱ्या-तिसऱ्या. मऊ म्हणूनच कारागिरांना त्यात कातल्यासारखे गोल खांब आणि मण्यांच्या माळा काढता आल्या. ती सारी कारागिरी दगडाच्या वरच्या कातडीत असते, आणि झोत पहिल्यांदा नेतो ती कातडीच. खालचा उघडा पडलेला दगड मग पाणी अधिक शोषतो. शिवाय एका खांबावर रंगाखाली हळेकन्नड अक्षरांच्या ओळी बोटांना लागत होत्या. त्या आमच्यापैकी कोणालाच वाचता येत नव्हत्या. "वाचता येत नाहीत, मग राखायच्या कशाला?" असे एकजण म्हणालाही, त्यावर काकांनीच त्याला गप्प केले.

सौम्य मारा चालणार नाही काय, असेही कोणी विचारले. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा जीर्णोद्धार १९८६ मध्ये पुरा झाला. त्या कामात आतील बाजूचे डांबर काढण्यासाठी खाण्याच्या सोड्याचा झोत वापरला होता. पुतळ्याचा तांब्याचा पत्रा अवघा अडीच मिलिमीटर जाडीचा. त्याला तो मानवला, परंतु सांध्यांतून झिरपलेल्या सोड्याने बाहेरच्या हिरव्या झाकेवर ओघळ उमटले. सौम्य म्हटलेली वस्तूही जेथे जाते तेथे काही ना काही करतेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाने तर जुन्या इमारती घासून साफ करण्याच्या धोक्यांवर १९७९ मध्ये स्वतंत्र पुस्तिकाच काढली.

ठेकेदार रिकाम्या हाताने परतला नाही. देवळाच्या आवाराचे गंजलेले लोखंडी फाटक त्याने, वाळूऐवजी तांब्याच्या भट्टीतील मळीचे दाणे आणि डोक्यावर हवेचे शिरस्त्राण वापरून, सुरेख साफ करून दिले. खांबांचे काम जाणकाराच्या देखरेखीखाली चालले आहे. रंग मऊ करणारा लेप आधी मागच्या बाजूला, कोणाच्या नजरेस न येणाऱ्या जागी लावून पाहिला. आता तो थोडा-थोडा लावतात, लाकडी पट्टीने हलकेच उचलतात आणि ओल्या कापडाने टिपतात. तीन दिवसांचे काम दुसऱ्या वर्षात गेले म्हणून कुरकुर होतेच. अक्षरांच्या पाच ओळी उघड्या झाल्या आहेत; सहावी अजून निळ्या रंगाखाली आहे.