गरम बरं की गार?

मुलांनो, वेगवान मोटारींची चित्रं जमवायला तुम्हांला आवडतं ना? मलाही! माझी लाडकी गाडी म्हणजे जर्मनीची पोर्श ९११ टर्बो. 'बाई, इंजिन जितकं तापेल, तितकी गाडी जोरात पळते,' असं माझ्या वर्गातली मुलं सांगतात. पण तसं नसतं बरं का!

टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. मात्र हवा दाबली की तापते. सायकलमध्ये हवा भरून झाली की पंपाला हात लावून पाहा. तापलेली हवा विरळ होते. तिच्यात प्राणवायू कमी मावतो आणि पेट्रोल अवेळी पेटायची भीती असते. म्हणून १९७८ साली या गाडीत दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर बसवला, इंजिनही ३ लिटरचं ३.३ लिटर केलं. ताकद २६० वरून ३०० अश्वशक्ती झाली!

मग इंजिन थंडगारच बरं? छे! थंड इंजिनात तेल घट्ट असतं. तेव्हा जोर लावला तर भाग झिजतात. आणि भरधाव धावून आल्यावर लगेच बंद केलं, तर तापलेल्या टर्बोतलं तेल करपतं.

म्हणूनच सकाळी आल्या आल्या मी अवघड गणित घालत नाही. आधी गाणी, मग पाढे. आणि पालकहो, परीक्षेहून आलेल्या मुलाला दारातच 'किती मार्क पडतील?' असं विचारू नका. जरा निवू द्या त्याला!