विद्यार्थी परदेशी, माणसे घरी : दापोली-मंडणगडची एक वाट

परदेशी शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याची कथा बहुधा त्याच्याच बाजूने सांगितली जाते. थंडी, एकटेपणा, अपुरे पैसे, रात्रीची जागरणे आणि शेवटी पदवी, असा तिचा ठरलेला क्रम असतो. त्याच काळात घरी राहिलेल्यांनी काय सोसले, हे मात्र एखाद्या परिच्छेदात आटोपते. वाचकहो, आपल्यापैकी अनेकांचा मुलगा, नात किंवा पुतण्या आज लंडन, न्यूयॉर्क, टोरांटो वा मेलबर्न येथे शिकत असेल. म्हणून कथेची ही घरातली बाजू आपल्याला अधिक जवळची आहे. ती जाणून घ्यायची असेल, तर रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागात, मंडणगड आणि दापोली या दोन तालुक्यांत, सवडीने दोन-तीन दिवस काढावेत.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ ज्येष्ठांच्या प्रवासाला बरा. कोकण रेल्वेने खेड स्थानकावर उतरल्यास दापोली सुमारे तीस किलोमीटरवर आहे. रस्ता वळणावळणाचा असल्याने निघण्यापूर्वी हलके खावे, औषधे सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावीत आणि तासाभराने उतरून पाय मोकळे करावेत. मुक्काम दापोलीतच करावा. गाव उंचावर असल्याने हवा सुखद असते आणि गरज पडल्यास तेथे उपजिल्हा रुग्णालयही आहे.

पहिला दिवस मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावासाठी ठेवावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे हे मूळ गाव. त्यांचा जन्म महू येथे १८९१ साली झाला; वडील रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर काही वर्षे हे कुटुंब दापोलीत राहिले होते. आंबडव्यातील स्मारक आज ‘स्फूर्तिभूमी’ म्हणून ओळखले जाते. डोंगराच्या कुशीतील या लहानशा गावात उभे राहिले, की येथून न्यूयॉर्कपर्यंतचे अंतर केवळ मैलांचे नव्हते, हे ध्यानात येते.

१९१३ हे वर्ष त्या घराच्या दृष्टीने पाहावे. वडिलांच्या आजारपणाची बातमी कळताच भीमराव बडोद्याहून मुंबईला आले. २ फेब्रुवारी रोजी रामजींचे निधन झाले. थोरला मुलगा यशवंत तेव्हा दोन महिन्यांचाही नव्हता. त्याच वर्षीच्या जुलैत भीमराव बोटीने न्यूयॉर्कला पोहोचले. बडोदा संस्थानाची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी होती. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी १९१५ साली एम.ए. पूर्ण केले. वसतिगृहात नवल भथेना हे मित्र भेटले आणि ती मैत्री पुढे जन्मभर टिकली. महानगरातील शिक्षणाने त्यांना ग्रंथालये दिली, गुरुजन दिले आणि जातीचा पडदा मध्ये न येणारे सहजीवन दिले. शिष्यवृत्तीतून काटकसर करून ते घरीही पैसे पाठवीत.

आता घराकडे वळू. दुसऱ्या दिवशी दापोली शहरापासून जवळच असलेल्या वणंद या गावी जावे. रमाबाई आंबेडकरांचे हे माहेर. तेथे त्यांचे स्मारक आहे. त्यांचे वडील दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहण्याचे काम करीत. आईवडील लवकर गेल्याने ही मुलगी नातलगांबरोबर मुंबईला आली. पती न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा रमाबाई अवघ्या पंधरा वर्षांच्या होत्या. सासऱ्यांचा आधार नुकताच गेलेला, कडेवर तान्हे मूल, आणि टपाल बोटीने येणार म्हणजे पत्रासाठी आठवडे मोजायचे. मुंबईच्या चाळीतला तो संसार त्यांनी सासरच्या माणसांबरोबर ओढला.

बाबासाहेब १९१६ साली लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतले. सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून त्यांनी पैसे साठवले, मित्राकडून कर्ज घेतले, शाहू महाराजांचे साहाय्य मिळाले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. रत्नागिरीतच जन्मलेले चरित्रकार धनंजय कीर यांनी त्या दिवसांतील त्यांच्या अर्धपोटी राहण्याचे आणि रात्री भाजलेल्या पापडांवर भूक भागवण्याचे वर्णन केले आहे. १९२१-२२ मध्ये ते लंडनमधील ज्या घरात राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरील घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. आज तेथे लोक आदराने जातात. तितक्याच आदराने वणंदलाही जायला हवे. रमाबाईंच्या पाच मुलांपैकी चार लहानपणीच दगावली. दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ रोजी, सदतिसाव्या वर्षी, त्या गेल्या. पुढे बाबासाहेबांनी पाकिस्तानविषयक आपला ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. लंडनमधल्या उपासाची नोंद चरित्रात झाली. चाळीतल्या उपासाची मोजदाद तेव्हा कोणी ठेवली नाही.

तिसरा टप्पा समुद्राकडचा. आंजर्ल्याजवळच्या मुर्डी गावी १८७६ साली जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९६ मध्ये शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ साली तेथील गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर ठरले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांना मुंबईत आपल्याजवळ ठेवून शिकवणारे नात्यातले वडीलधारे म्हणजे मुरूडचे धोंडो केशव कर्वे. परांजपे केंब्रिजला गेले त्याच वर्षी कर्व्यांनी पुण्यात विधवांच्या शिक्षणासाठी आश्रम काढला. मागे राहिलेला माणूसही आपले आयुष्य पुढे नेऊ शकतो, याचे याहून चांगले उदाहरण नाही. पुढे १९२९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, कर्वे स्वतः जगप्रवासाला निघाले आणि १०४ वर्षे जगले. मुरूडच्या किनाऱ्यावर संध्याकाळी फिरताना याचा विचार जरूर करावा. रमाबाईंना मात्र अशी संधी परिस्थितीने दिली नाही.

या दोन घरांतला फरक आजच्या आपल्या घरांना लागू पडतो. पत्राला आता आठवडे लागत नाहीत. नातवाचा चेहरा पडद्यावर रोज दिसतो. पण ‘त्याला कशाला काळजी?’ म्हणून गुडघेदुखी लपवणारी आजी आणि ‘आईला कशाला सांगायचे?’ म्हणून उपाशीपोटी काम करणारा विद्यार्थी आजही आहेतच. दोघेही प्रेमापोटी खोटे बोलतात आणि दोघांचीही प्रकृती त्यात बिघडते. आजार लपवू नये. तो सांगताना त्याबरोबर व्यवस्थाही सांगावी : कोणत्या डॉक्टरांना दाखवले, औषध काय सुरू आहे, सोबत कोण आहे. व्यवस्था ठाऊक असली, की दूरच्या माणसाची काळजी आटोक्यात राहते.

बोलण्याची वेळ ठरवून घ्यावी. आपले घड्याळ लंडनच्या पुढे हिवाळ्यात साडेपाच आणि तिकडच्या उन्हाळ्यात साडेचार तास असते. न्यूयॉर्क आणि टोरांटो या दोन्हींच्या पुढे हिवाळ्यात साडेदहा आणि तिकडच्या उन्हाळ्यात साडेनऊ तास. म्हणजे आपल्याकडे सकाळी सात वाजता फोन केला, तर न्यूयॉर्कला आदल्या दिवशीची रात्र असते आणि विद्यार्थी खोलीवर परतलेला असतो. लंडनसाठी संध्याकाळ सोयीची. फोनची वाट पाहत ज्येष्ठांनी मध्यरात्रीपर्यंत जागू नये. झोपमोडीने रक्तदाब आणि मधुमेह दोन्हींचे गणित बिघडते. फोनवर गुणांची चौकशी जरूर करावी, पण जेवण, झोप आणि मित्र यांची आधी करावी. मायदेशातून दूर गेलेल्या विद्यार्थ्याला नवल भथेनांसारखा एखादा मित्र मिळाला, तर निम्मी चिंता मिटते.

घरात मोठ्या अक्षरांत लिहिलेला एक कागद दाराजवळ लावावा. त्यावर औषधांची नावे व वेळा, ॲलर्जी, डॉक्टरांचा आणि शेजाऱ्यांचा फोन असावा. रुग्णवाहिकेसाठी १०८, ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी १४४१६ हे क्रमांकही लिहावेत. परदेशातील मुलाकडे या कागदाचे छायाचित्र असू द्यावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ भूक मंदावली, झोप उडाली, कशातच मन लागेनासे झाले, तर ‘आठवण येते, दुसरे काय’ असे म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना दाखवावे. कर्व्यांप्रमाणे आपलेही काही काम हाती असावे : बाग, भजनी मंडळ, शेजारच्या मुलांचा अभ्यास, काहीही.

आणि एक विनंती परदेशातील तरुणांपर्यंत पोहोचवावी. आजी-आजोबांची प्रत्यक्ष सेवा करणारे कोणीतरी घरी असते. बहुधा सून, बहीण किंवा मावशी. पदवीदानाच्या दिवशी तिचे नाव घेतले जात नाही. तिला महिन्यातून काही दिवस पूर्ण सुटी मिळेल, यासाठी लागणारा खर्च परदेशातील भावंडाने उचलावा आणि त्या दिवसांत घराकडे पाहणारी माणसेही फोनवरूनच ठरवून द्यावीत. तिने मागेपर्यंत थांबू नये.

दापोलीहून परतताना आंबडवे, वणंद आणि मुर्डी ही तिन्ही नावे घरातल्या मुलांना सांगावीत. त्यांपैकी वणंदचे नाव त्यांनी बहुधा ऐकलेले नसेल. तेथील गोष्ट आधी सांगावी.