दारफळणीचा सण

योम किप्पूर म्हटलं की मित्र हमखास विचारतात, "म्हणजे तुमची एकादशीच ना?" उपास आहे खरा, पण साबुदाणा सोडाच, पाणीसुद्धा नाही! आदल्या दिवशीच्या सूर्यास्तापासून दुसऱ्या रात्री चांदण्या दिसेपर्यंत, साधारण २५ तास.

आम्हा बेने इस्राएलांमधल्या जुन्या लोकांचा शब्द 'दारफळणीचा सण'. कोकणात पूर्वी या दिवशी पांढरे कपडे घालून, दारं लावून घरात बसत. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण', म्हणजे दानधर्म आणि भेटीगाठी.

उपासाचं मला काही वाटत नाही. जड असतो तो आदला दिवस. कारण मिश्नेत स्पष्ट सांगितलंय, किप्पूरने देवाचे अपराध फिटतात, माणसाचे नाही. त्यासाठी त्या माणसालाच जाऊन मनवावं लागतं.

घराच्या वाटणीवरून बाबा आणि काका वर्षभर बोलत नसत. पण आदल्या दिवशी बाबा फोन लावायचेच.

"काही चुकलं असेल तर माफ कर रे."

"तूही कर, दादा."

बस्स. वाटणी होती तिथेच राहिली.

बाबा गेले त्या वर्षी फोन काकांचा आला. "आज दादाचा फोन यायचा. आता मी कुणाची माफी मागू?"

आमच्यात त्यालाही रीत आहे. दहा माणसांना कबरीवर नेऊन, त्यांच्यासमोर बोलायचं. काकांनी माणसं गोळा केली. बोलले मात्र तेच एक वाक्य.

जिवंतपणी एका फोनवर भागतं, त्याला नंतर दहा माणसं लागतात. असो. उपास जमो न जमो, फोन तेवढा करून टाका.