पटावरून गेलेली नावं

मंडळी, आज चक्क आकडेमोडीवर लिहिते आहे. घाबरू नका! मी मराठीची बीए, तेव्हा तोंडी सुटेल इतकंच गणित आहे.

माझी भाची इंग्लंडमध्ये संख्याशास्त्र शिकवते. परवा फोनवर तिने तिकडच्या एका पाहणीबद्दल सांगितलं, आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाहीये. 'नेक्स्ट स्टेप्स' तिचं नाव. २००४ साली तिकडच्या नववीतल्या, म्हणजे १३-१४ वर्षांच्या, १५,७७० मुलामुलींपासून ती सुरू झाली. घर कसं, अभ्यास कसा, पुढे काय करायचं मनात आहे... सगळं विचारलं. मग दरवर्षी पुन्हा त्याच मुलांकडे जायचं. २०१० मध्ये, सातव्या फेरीला, ८,६८२ जण बोलले. २०१५ मध्ये ही मुलं पंचविशीत आली, तेव्हा ७,७०७. म्हणजे निम्म्याहून अधिक गळाली.

आता गंमत अशी, की मुलं काही चिठ्ठ्या टाकून गळत नाहीत. सारखी घरं बदलणारी, शाळेत मन न रमलेली, ओढगस्तीच्या घरातली मुलं जास्त गळतात. उरलेल्यांचीच सरासरी काढली, तर देशातली तरुण मुलं आहेत त्यापेक्षा सुखी दिसणार!

यावरचा उपाय म्हणजे उत्तरांना वजन लावणं. "मावशी, जो गेला त्याच्यासारखा जो राहिला, त्याला जास्त मोजायचं," भाचीने सांगितलं. समजा, एकसारख्या परिस्थितीतली दहा मुलं होती आणि पाचच राहिली, तर प्रत्येकाचं उत्तर दोघांचं धरायचं. उलटंही असतं. या पाहणीत गरीब वस्तीतल्या शाळा मुद्दाम दीडपट प्रमाणात घेतल्या होत्या, भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, कृष्णवर्णीय घरांतली मुलंही जास्त घेतली होती. त्यांच्याबद्दल नीट बोलता यावं, एवढी संख्या हवी म्हणून. पण साऱ्या देशाचा हिशेब करताना त्यांचं वजन कमी करावं लागतं. दीडपट घेतलं, तर एकाचं वजन दोन तृतीयांश.

पण गेलेला कसा होता हे कळतं कशावरून? तर तो पहिल्या फेरीत बोललेला असतो! त्याचं घर, आईवडिलांचं शिक्षण, शाळेतली प्रगती सगळं लिहून ठेवलेलं असतं. एकदाच हजर राहिलेलं मूलसुद्धा त्या हिशेबातून पुसलं जात नाही. मला हे फार आवडलं.

आवडण्याचं कारण आमची शाळा. बीड जिल्ह्यातलं गाव. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आणि त्यांच्याबरोबर माझ्या वर्गातली काही मुलं. काही उन्हाळ्यात परतायची, काही नाहीच. मग पटावरून नाव कमी. आता दहावीच्या तुकड्यांचे स्नेहमेळावे होतात, मलाही आवर्जून बोलावतात. शिक्षक, इंजिनिअर, दुकानदार झालेली मुलं पाया पडतात. जीव सुखावतो. कोणीतरी माईकवर म्हणतं, "आपल्या शाळेनं सगळ्यांचं सोनं केलं." त्या 'सगळ्यांचं' या शब्दापाशी मी अडते. टोळीबरोबर जाणाऱ्यांपैकी एखादाच आलेला असतो, मागच्या खुर्चीवर. त्याचं बोलणं दहा जणांचं धरायला हवं.

पण मग भाचीला विचारलं, "अगं, तो तर शिकला, नोकरीला लागला. न आलेल्या नऊ जणांच्या वतीने तो कसा बोलेल?" ती म्हणाली, वजनाचं दुखणं तेच. गेलेला आणि राहिलेला सारखेच, हे गृहीत धरलेलं असतं. शिवाय एकाच्या खांद्यावर फार वजन दिलं, तर त्याचं एकट्याचं नशीब दहा जणांचं होऊन बसतं. म्हणून फार मोठी वजनं छाटतातही.

२०१५ मध्ये त्यांनी आणखी एक केलं. तोवर मागच्या फेरीत जो बोलला, त्याच्याचकडे पुढच्या वेळी जात. या वेळी पूर्वी कधीही एकदा बोललेल्या प्रत्येकाला शोधायचा प्रयत्न केला. वजन लावणं ठीकच, पण दार पुन्हा ठोठावण्याची सर त्याला नाही.

असो. तुमच्या तुकडीचा मेळावा ठरत असेल, तर कोण येणार याच्या यादीआधी जुना पट मागवून घ्या. गळालेल्या नावांपैकी एकाचा तरी पत्ता काढा. आणि आला तर त्याला पुढच्या रांगेत बसवा, माईक द्या.