कुणाला सांगायचं, किती सांगायचं

ताडोबाजवळच्या मोहर्लीच्या एका गाईडभाऊंचं आणि त्यांच्या घरच्या वहिनींचं माझ्यावर मोठं ऋण आहे. जंगल कसं पाहायचं हे त्यांनी शिकवलं, ते तर आहेच. पण गेली काही वर्षं मी फेसबुक-इन्स्टाग्रामवरून हळूहळू बाजूला होऊन आयनॅचरॅलिस्ट नावाच्या एका वेगळ्या ठिकाणी रमलो आहे, आणि हा बदल मला पेलला तो या दोघांमुळे. आज लिहायचं आहे ते या दुसऱ्या ऋणाबद्दल.

आमच्या पिढीला मुक्काम हलवण्याची सवय आहे. ऑर्कुटवर जुने वर्गमित्र सापडले, एकमेकांसाठी चार कौतुकाचे शब्द लिहून झाले. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं, तोवर जवळजवळ सगळे फेसबुकवर येऊन स्थिरावले होते. मी चंद्रपूरचा, शाळेत शिकवतो. ताडोबा दाराशी, हातात कॅमेरा. त्यामुळे माझं फेसबुक म्हणजे वाघांचे फोटो. ताडोबाच्या वाघांना नावं आहेत, आणि त्या नावांवर जीव टाकणारी माणसं देशभर आहेत. माया वाघिणीचा फोटो टाकला की तासाभरात शेकडो माणसं जमायची. २०२३ मध्ये माया दिसेनाशी झाली, तेव्हा घरातलं माणूस हरवावं तशी लोकांची घालमेल झाली. ते प्रेम खरं होतं आणि मला त्याची किंमत आहे.

पण प्रत्येक फोटोखाली एकच प्रश्न असायचा : कुठे दिसला? कोणतं गेट, कोणता पाणवठा, सकाळी की दुपारी?

त्याचं उत्तर द्यायचं नाही, हे भाऊंनी पहिल्याच ओळखीत सांगून ठेवलं होतं. तेलियाच्या तळ्यावरून परत येत होतो. भाऊ जिप्सीत पुढे बसलेले, मागे वळून म्हणाले, "सर, वाघ दिसला म्हणून सांगा. कुठी दिसला ते नोका सांगू. त्याले बी घर आहे ना जी." एका ठिकाणाची बातमी फुटली की दुसऱ्या दिवशी तिथे गाड्यांची रांग लागते, पिल्लांची आई पाण्यावर यायची थांबते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. पुढे सफारीत मोबाईल न्यायलाच बंदी आली, तेव्हा अनेक पर्यटक नाराज झाले. भाऊंना मात्र मनापासून बरं वाटलं.

फेसबुकवरून मी ज्याकडे वळलो ते आयनॅचरॅलिस्ट २००८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांच्या अभ्यासप्रकल्पातून सुरू झालं आणि २०२३ मध्ये स्वतंत्र ना-नफा संस्था झालं. तिथे गेल्यावर पहिल्यांदा जाणवली ती शांतता. जाहिराती नाहीत, फॉलोअर किती याला फारशी किंमत नाही. तुम्ही एक नोंद टाकायची : काय पाहिलं, कधी, कुठे, आणि पुरावा म्हणून फोटो किंवा आवाज. नाव माहीत नसेल तर तसंच सोडायचं. मग जगातला कुणीही जाणकार येऊन ओळख सुचवतो. दोघांचं एकमत झालं, मतभेद असल्यास दोन-तृतीयांशांहून अधिक जण एका नावावर आले, आणि बाकी तपशील नीट असला, की ती नोंद संशोधनाला वापरण्याजोगी ठरते आणि जीबीआयएफ या जागतिक माहितीसाठ्यापर्यंत पोचू शकते. फोटो किती देखणा, हा प्रश्न तिथे उरत नाही. त्यात काय दिसतं, एवढंच पाहिलं जातं.

माझी तिथली पहिली मनाजोगती नोंद भाऊंचीच म्हणायला हवी. पावसाळ्यात बंद असलेला कोअरचा भाग १ ऑक्टोबरला उघडतो. रान तेव्हा गच्च असतं, गवत माणसाएवढं, वाघ दिसणं अवघड. भाऊंनी एका बांबूच्या बेटापाशी गाडी थांबवायला सांगितली. "वर पाहा ना जी." रस्त्याच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत भलंमोठं जाळं ताणलेलं. कोवळ्या उन्हात त्याचे धागे सोनेरी पिवळे दिसत होते. मधोमध तळहातभर पसरलेली काळी मादी, सांध्यांवर पिवळे ठिपके. मी कॅमेरा उचलला तसे भाऊ म्हणाले, "थांबा, तिचा नवरा बी घ्या." मला काही दिसेना. त्यांनी बोट न हलवता, नजरेनेच जागा दाखवली. मादीच्या वरच्या बाजूला, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, तांबूस ठिपका. तो नर.

रात्री तो फोटो चढवला. दुसऱ्या दिवशी कुणा अनोळखी अभ्यासकाने ओळख लिहिली : नेफिला पिलिपेस, आपण ज्याला जायंट वूड स्पायडर म्हणतो तो कोळी. खाली एक ओळ होती, नरही फोटोत आल्याबद्दल आनंद व्यक्त करणारी. त्या माणसाला मी कधी भेटलेलो नाही, भेटण्याची शक्यताही नाही. पण तेव्हापासून माझे किती कोळी त्याने पाहून दिले, काही ठिकाणी "या फोटोवरून सांगता येणार नाही" असं स्वच्छ लिहून ठेवलं. विद्वत्तेचं हे रूप मला फार मोलाचं वाटतं, आणि त्याचंही ऋण मी मानतो.

आणि जागा? वाघासारख्या संकटातल्या प्रजातीची नोंद टाकली, की आयनॅचरॅलिस्ट तिची नेमकी जागा इतरांपासून आपोआप झाकतं. नकाशावर साधारण वीस-बावीस किलोमीटर बाजू असलेल्या चौकोनात कुठेतरी एक ठिपका दिसतो, बस. भाऊंनी जिप्सीत सांगितलेला नियम त्या व्यवस्थेत असा मुळातच घातलेला पाहून मला आयनॅचरॅलिस्टविषयी विश्वास वाटला.

भाऊंना मी हे मोठ्या उत्साहाने दाखवलं, तेव्हा वहिनी चुलीजवळ भाकरी थापत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमी लपवता ते बेस आहे जी. पण आमाले नोका लपवू. मी पहाटे मोहा वेचाले जातो. तो कोणत्या वाटंवर आहे, हे मले आधी समजलं पाह्यजे."

या एका वाक्याने माझ्या विचाराला पूर्णता आली. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, त्यानंतर तेंदूपत्ता. चंद्रपूर-गडचिरोलीत त्या दिवसांत माणसं उजाडायच्या आत रानात शिरतात, वाकून वेचत असतात, आणि वाघाच्या हल्ल्याची सर्वाधिक धास्ती तेव्हाच असते. पर्यटकापासून जी जागा राखायची, तीच जागा गावाला क्षणाचाही उशीर न करता कळायला हवी. म्हणून गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप मी सोडला नाही आणि सोडणारही नाही. तिथे फोटो सुंदर नसतो, अनेकदा फोटोच नसतो. "नाल्याकडं जाऊ नका" एवढी एक ओळ असते, आणि ती वाचून बाया मागे फिरतात. मोहर्लीजवळच्या सीतारामपेठेत वाघाची चाहूल लागताच गावाला सावध करणारे कॅमेरे बसवले गेले, त्यामागची गरजही हीच आहे.

मोहर्लीहून ताडोबा तलावाकडे जाताना रस्त्याच्या कडेला जुने दगडी खांब दिसतात. गोंड राजांच्या काळात त्यांवरून दोर ओढलेले असत, घंटा वाजवून पुढच्या ठाण्याला निरोप पोचवत, असं इथले लोक सांगतात. भाऊ ते खांब प्रत्येक पाहुण्याला अभिमानाने दाखवतात. निरोप कुणासाठी आहे हे ज्या मुलखाला इतक्या जुन्या काळापासून ठाऊक आहे, तिथल्या माणसांकडून मी नव्या माध्यमात वावरणं शिकलो. कोणतं ॲप नवं, कोणतं जुनं, याने मला आता फरक पडत नाही. आपण सांगतो त्याने कुणाचं भलं होतं आणि कुणाच्या जिवावर बेतू शकतं, हे आधी पाहावं लागतं. शाळेतल्या मुलांनाही मी हेच सांगतो.

माझ्या प्रत्येक नोंदीच्या टिपणात मी मराठीत एक ओळ लिहीत आलो : दाखवणारे, मोहर्लीचे गाईड. मागच्या पावसाळ्यात, काम बंद असताना, भाऊंनी स्वतःचं खातं उघडलं. घराच्या ओसरीवरचे पतंग, नांगरटीतले बेडूक, कुंपणावरचे कोळी अशा त्यांच्या नोंदी आता येऊ लागल्या आहेत. जिथे माझी स्वतःची खात्री असते तिथे मी सहमती देतो; नसते तिथे कितीही माया असली तरी थांबतो आणि जाणकाराची वाट पाहतो. भाऊंनाही ते तसंच हवं असतं. गेल्या आठवड्यात त्यांचा एक बेडूक असाच सहमतीने पक्का झाला, आणि मला माझ्या कुठल्याही वाघाच्या फोटोपेक्षा त्याचा आनंद अधिक झाला.