कॅमेऱ्यात राहिलेला रोल

अण्णांच्या पश्चात कपाट आवरताना त्यांचा जुना कॅमेरा हाती लागला. पेठेतील दुकान वाढवून घरी आल्यावर तो घेऊन बसणे, एवढा एकच छंद त्यांनी आयुष्यभर जोपासला. आत ४०० वेगाचा कृष्णधवल रोल तसाच होता. आकडा २२ वर थांबलेला. त्यात आईची अखेरची दिवाळी होती. अण्णांनी ती टिपली तेव्हा मी शेजारीच उभा होतो. उरलेल्या १४ जागा तिच्या पणतीसाठी ठेवाव्यात, असे मनात आले आणि कॅमेरा लेकीकडे लंडनला न्यायचे ठरले.

निघण्यापूर्वी एका जुन्या छायाचित्रकाराचा सल्ला घेतला. न धुतलेल्या फिल्मला क्ष-किरण आणि उजेड सारखेच. किरण लागले की तिच्यावर धुके चढते, काळ्या जागा करड्या होतात. हातातल्या सामानाच्या जुन्या यंत्रातून ४०० चा रोल एक-दोनदा गेला तर सहसा काही बिघडत नाही. मात्र प्रत्येक फेरीची भर आधीच्या फेरीवर पडत जाते. लंडनसह अनेक विमानतळांवर आता सीटी यंत्रे बसली आहेत, त्यांची एक फेरीही घातक ठरू शकते. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानावरील किरण तर फारच तीव्र. शिशाच्या पिशवीने काम भागेल, असे मला वाटत होते. पण पडद्यावर काळा ठोकळा दिसला की अधिकारी पिशवी उघडायला लावणारच. त्यापेक्षा रोल पारदर्शक पिशवीत हाती ठेवावेत आणि हाताने तपासण्याची विनंती करावी, हे बरे.

इतके ऐकूनही दोन कोरे रोल मी मोठ्या बॅगेतच विसरलो. दोष सर्वस्वी माझा.

तपासणीच्या रांगेत विनंती केली. तरुण अधिकाऱ्याने कॅमेरा उलटसुलट पाहिला आणि शांतपणे म्हणाला, "मागचे झाकण उघडा." माझ्या घशाला कोरड पडली. यंत्रात न घालता वाचवलेली आई एका क्षणाच्या उजेडात नाहीशी झाली असती! मी हात जोडले. "साहेब, यात माझ्या आईचे शेवटचे फोटो आहेत. आत काय आहे ते वाटेल तसे तपासा, पण झाकण उघडू नका." त्याने वरिष्ठांना बोलावले. त्यांनी कॅमेऱ्यावरून कापडी पट्टी फिरवली, ती दुसऱ्या यंत्रात तपासली आणि मान डोलावली. भरलेला कॅमेरा घेऊन प्रवासाला निघू नये, रोल आधी गुंडाळून बाहेर काढावा, हे शहाणपण मला तिथे आले.

लंडनला १४ फोटो काढले आणि परतण्यापूर्वीच रोल तिथल्या प्रयोगशाळेत धुऊन घेतला. धुतलेल्या निगेटिव्हला क्ष-किरणांचे भय नाही. कोरे रोलही वापरून धुवायला दिले होते. त्यांवर धुराचे पट्टे उमटले होते.

परतीच्या वेळी पाकीट निर्धास्तपणे यंत्रात सोडले. घरी आल्यावर पट्टी खिडकीशी धरली. २२ व्या चौकटीत आई पणत्यांचे तबक घेऊन उभी होती. २३ व्या चौकटीत तिची पणती, मुठी आवळून झोपलेली.